लाल ठिपका आणि उणे बारा

आमच्या अ‍ॅस्ट्रॉनॉमी क्लबच्या रजिस्टरमध्ये माझ्या अक्षरात एक ओळ आहे – ‘रेड डॉट, फ्रीझर टेस्ट : ओके.’ खाली सही, तारीख, सगळं कसं व्यवस्थित. मित्रांनो, ती ओळ खोटी आहे. कशी, ते सांगायलाच हा लेख लिहायला घेतलाय.

क्लबकडे सीनिअर्सनी स्वतः आरसा घासून बनवलेली सहा इंची दुर्बीण आहे. तिच्या छोट्या फाइंडरला पावसाळ्यात बुरशी लागली आणि तो कामातून गेला. इकडे दिवाळीच्या सुट्टीत अकरा जणांचं लडाखमधल्या हानलेला जायचं ठरलेलं. लक्ष्मीपूजन म्हणजे अमावास्या, म्हणजे आकाश काळंकुट्ट! हानलेचा परिसर २०२२ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय रिझर्व्ह म्हणून जाहीर झाला. गावाच्या डोक्यावर ४,५०० मीटर उंचीवर दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण आहे. पण फाइंडरशिवाय दुर्बीण नेणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं. माणशी दोनशे, असे २,२०० रुपये जमले आणि खरेदी माझ्या गळ्यात पडली. कारण काय, तर मी इलेक्ट्रॉनिक्सची!

रेड डॉट म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. एका वक्र काचेवर अर्धवट परावर्तन करणारा थर असतो आणि तिच्या नाभीवर एक लाल एलईडी. काचेवरून परतलेले किरण समांतर होतात, त्यामुळे ठिपका अनंत अंतरावर, थेट आकाशात टेकल्यासारखा दिसतो. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, ठिपका ताऱ्यावर आणायचा, झालं. ही कल्पना १९०० साली पेटंट केली डब्लिनच्या सर हॉवर्ड ग्रब यांनी, आणि तीही बंदुकीसाठी. गंमत म्हणजे ग्रब मुळात दुर्बिणी बनवणारे. त्यांच्याच कारखान्यातली वीस इंची दुर्बीण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, प्रोफेसर नायगमवाला वापरत. १९१२ मध्ये ती वेधशाळा बंद झाली आणि सामान कोडाईकनालला गेलं. पुढे १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंटने बंदुकीसाठी बॅटरीवर चालणारा रेड डॉट बाजारात आणला. थंड देशातले शिकारी आजही तो वापरतात. तेव्हा बंदुकीचा साइट आणि दुर्बिणीचा फाइंडर हे सख्खे भाऊच म्हणायचे.

माझ्यासमोर दोन पर्याय होते. एक दुर्बिणीसाठीच बनवलेला, प्लास्टिकचा, १,४०० रुपयांचा, उजेड कमी-जास्त करायला एक जाडसर गोल खटका. दिसायला अगदी खेळण्यातला. दुसरा एअरगनवर बसवायचा, अ‍ॅल्युमिनियमचा, २,१०० रुपयांचा. अकरा ब्राइटनेस लेव्हल्स! शॉकप्रूफ! मी अर्थातच दुसरा घेतला. आमच्या दुर्बिणीला कोण धक्के देणार होतं, हा प्रश्न मला पडलाच नाही.

निघण्याआधी तो रात्रभर मेसच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवून बघायचा, असं क्लबच्या मीटिंगमध्ये ठरलं होतं. फ्रीझर उणे अठराचा. पण मेसचे काका म्हणाले, “ताई, इथे मटार ठेवायचे की तुमची बंदूक?” मला दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं. दहा मिनिटं ठेवला, काढला, ठिपका लाल. लिहून टाकलं, ‘ओके’. दहा मिनिटांत आतला सेल धड गारही झाला नसेल, हे मला तेव्हाही कळत होतं. असो.

हानलेत लक्ष्मीपूजनाची रात्र. थर्मामीटर उणे बारा. घरची आठवण यायला नको म्हणून सगळे जरा जास्तच मोठ्याने बोलत होते. आकाशगंगा इतकी ठसठशीत की पहिली पाच मिनिटं दुर्बिणीकडे कुणी पाहिलंच नाही. मग त्रिकोण तारकासमूहातली एम-३३ दीर्घिका शोधायला घेतली. अंतर सुमारे २७ लाख प्रकाशवर्षं. सगळ्यात कमी लेव्हलवरही ठिपका एवढा भगभगीत की आजूबाजूचे तारे गिळून टाकत होता. हातमोजे घालून ती इवली बटणं दाबली जाईनात. हातमोजे काढले तर बोटं बधिर. कुणाचा तरी श्वास काचेवर बसला आणि तिथेच गोठला. अर्ध्या तासात ठिपका अंधूक झाला आणि मग गेलाच.

फर्स्ट इयरचा एक ज्युनिअर म्हणाला, “पण ताई, आपण टेस्ट केला होता ना?”

‘आपण’ म्हणाला तो! मी म्हटलं, “थंडी जास्त आहे रे.” दुसरं खोटं.

आमच्या होमस्टेच्या मालकीणबाईंना आम्ही ‘आचे’ म्हणत होतो, म्हणजे लडाखीत मोठी बहीण. पाहुण्यांना आकाश दाखवण्याचं ट्रेनिंग त्यांनी घेतलेलं. त्यांनी काही न विचारता मेलेला सेल काढला, अंगातल्या गोंच्याच्या आतल्या खिशातून आपला गरम सेल काढून घातला. ठिपका परत! आमचा सेल त्यांनी खिशात टाकला. अर्ध्या तासाने तोही पुन्हा चालायला लागला. थंडीत सेलमधली रासायनिक क्रिया मंदावते, अंतर्गत रोध वाढतो आणि व्होल्टेज पडतं. सेल संपलेला नसतो, गारठलेला असतो. हे मी परीक्षेत लिहून मार्क्स मिळवले होते... खिशात मात्र सेल त्यांच्या होता.

एम-३३ शेवटी दिसली. कापसाच्या पुसट बोळ्यासारखी. सगळे ओरडले. मी नाही.

परत आल्यावर काकांची माफी मागून टेस्ट नीट केली. डब्यासोबत आलेला बिननावाचा सेल चाळीस मिनिटांत गेला. चांगल्या कंपनीचा नवा सीआर२०३२ रात्रभर टिकला. एलईडीसमोर काळ्या मार्करने रंगवलेला सेलोटेप लावला, ठिपका सोसवेल इतका मंद झाला. खर्च साधारण साठ रुपये!

तेव्हा पुढच्या बॅचला सांगते. स्वस्त घ्या, काही बिघडत नाही. फक्त सर्वांत मोठा उजेड किती ते बघू नका, सर्वांत लहान किती ते बघा. खटका हातमोज्यातून फिरतो का ते बघा. सेल लिथियमचा हवा, घड्याळातला अल्कलाइन बटण सेल थंडीत लवकर मान टाकतो. बर्फ पडत असेल तर एलईडी बंद नळीत असलेला बरा, उघड्यावर बर्फ बसतो. जोडीचा सेल आतल्या खिशात ठेवा. काचेवर श्वास सोडू नका. १,४०० वाल्या त्या खेळण्यात यातलं बरंच काही होतं.

रजिस्टरमधली ती ओळ मी खोडलेली नाही. तिच्यापुढे लिहिलंय – ‘फक्त दहा मिनिटं. खरी टेस्ट पुढच्या पानावर.’ त्या ज्युनिअरला ते पान दाखवलं. त्याने शांतपणे वाचलं आणि म्हणाला, “ताई, पुढच्या वेळी फ्रीझरपाशी मी बसतो.”