पोट्टी कोनावर गेली?

तेल्हाऱ्यात बाळ बघायला आलेली बाई आधी नाक बघते, मग कान, मग रंग. कोण कोणावर गेलं याचा निकाल पाळण्याशीच लागतो. माझ्या चुलतभावाच्या मुलीचा निकाल मात्र उष्टावणापर्यंत लांबला. त्या दिवशी अंगणातल्या उन्हात तिचे डोळे सगळ्यांच्या नजरेत भरले. बाहुलीभोवती पिवळसर तपकिरी कडं, त्याबाहेर राखट हिरवी झाक. आईबापाचे डोळे काळेभोर. "आमच्या घरात तं असे डोये कोनाचेच नाई. कोनावर गेली वं हे पोट्टी?" एका वयस्कर बाईंनी विचारलं. प्रश्न बाळाबद्दल होता, नजरा मात्र आईकडे वळल्या.

मी त्या मुलीची आत्या. पुढची काही वर्षं भावजयीनं काय सोसलं, ते मी जवळून पाहिलं आहे. तोंडावर कोणी काही बोललं नाही. हळदीकुंकवाला गेली की कुजबुज, माहेरच्या माणसांची नको तितकी चौकशी, लग्नाआधी ती बाहेरगावी शिकत होती याची पुन्हा पुन्हा आठवण. पोरगी घारी जन्मली यात आईचा गुन्हा शोधणारी ही कुजबुज मला तेव्हाही सहन होत नव्हती, आजही होत नाही.

डोळ्याचा रंग ठरतो तो बुबुळातल्या मेलॅनिन या रंगद्रव्यावर. ते भरपूर असलं की डोळे काळेभोर दिसतात, कमी असलं की घारे, हिरवट किंवा निळे. निळा रंग तर डोळ्यात नसतोच, विखुरलेल्या प्रकाशामुळे तो दिसतो. मेलॅनिन किती तयार व्हावं यात पंधराव्या गुणसूत्रावरच्या ओसीए2 आणि हर्क2 या शेजारी जनुकांचा वाटा मोठा. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एक आईकडून, एक बापाकडून. एक प्रत भरपूर रंगाची असली, तर कमी रंगाची दुसरी बहुधा झाकली जाते. अशी झाकलेली प्रत आई आणि बाप दोघांकडेही असेल, तर प्रत्येक अपत्याच्या वाट्याला दोन्ही फिक्या प्रती येण्याची शक्यता चारात एक.

हे गणित पहिल्यांदा मांडलं ग्रेगोर मेंडेलनं, 1866 मध्ये. गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांच्या संकरातून पहिल्या पिढीत एकही सुरकुतलेला दाणा निघाला नाही. दुसऱ्या पिढीत 5,474 गोल दाण्यांबरोबर 1,850 सुरकुतलेले निघाले, म्हणजे जवळपास चारात एक.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. 1970 मध्ये गुजरातेतून एच-4 हा कपाशीचा संकरित वाण आला, पुढे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानंही आपले संकरित वाण दिले. पहिल्या वर्षी सगळी पऱ्हाटी एकसारखी. तिचीच सरकी राखून पुढच्या वर्षी टोबली, की एकाच तासात उंच, बुटकी, लवकर फुटणारी, उशिरा फुटणारी अशी नाना तऱ्हेची झाडं उभी राहतात. तेव्हा सरकीच्या चारित्र्यावर कोणी शंका घेत नाही.

माणसाच्या डोळ्याचं गणित वाटाण्याहून गुंतागुंतीचं आहे. 2021 मध्ये जवळपास दोन लाख लोकांच्या अभ्यासातून डोळ्याच्या रंगाशी संबंधित 50 नवी जनुकं हाती लागली. त्यामुळे निळ्या डोळ्यांच्या जोडप्याला तपकिरी डोळ्यांचं मूलही क्वचित होऊ शकतं.

आमच्याकडे शोध सुरू झाला. भावाच्या एका पणजीला गावात 'घारी' म्हणत, असं नव्वदीतल्या एका काकांनी सांगितलं. भावजयीच्या माहेरी कोणालाच काही आठवेना. जुने फोटो काढले, पण पिवळ्या पडलेल्या, नखाएवढ्या चेहऱ्यांत डोळ्याचा रंग कसा कळणार? शिवाय फिकी प्रत पिढ्यान्‌पिढ्या झाकलेली राहिली असेल, तर घारं माणूस आठवायला ते कधी जन्मलेलंच नसेल.

मग कोणीतरी रक्तगटाचा मुद्दा काढला. भावाचा ओ, भावजयीचा बी, मुलीचा बी. "जुळला!" म्हणून मंडळी गप्प झाली. मला मात्र ते जुळणं फार टोचलं. नसता जुळला तर?

या प्रश्नाचं एक उत्तर मुंबईतच सापडलेलं आहे. 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली. तोच आज जगभर 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणून ओळखला जातो. ए आणि बी ही प्रतिजनं एच नावाच्या पायावर उभी राहतात. ज्याला आईबाप दोघांकडूनही एचची निकामी प्रत मिळते, त्याच्या रक्तात हा पायाच नसतो. अंगात ए किंवा बीचं जनुक असलं तरी साध्या तपासणीत त्याचा गट ओ दिसतो. तेच जनुक त्याच्या मुलात उघड होऊ शकतं. म्हणजे कागदावर आईबाप दोघंही ओ, आणि लेकरू ए किंवा बी! भारतात हा गट साधारण दहा हजारांत एकाचा. त्याला ओ गटाचं रक्तही चालत नाही, कारण त्यात एच असतं. खास तपासणी न करता अशा घरात कोणी रक्तगटाचा कागद नाचवला असता, तर एका निर्दोष बाईचा संसार मोडला असता. उलट, गट जुळला म्हणून बाप सिद्ध होतो असंही नाही. आमच्या घरानं त्या कागदाला दोन्ही बाजूंनी नको तेवढा मान दिला.

मुलगी आता नववीत आहे. विज्ञानाच्या पुस्तकात आनुवंशिकतेचा धडा आहे. तो शिकताना तिनं घरातल्या सगळ्यांच्या कानाच्या पाळ्या तपासल्या, जीभ कोणाला नळीसारखी वळवता येते ते पाहिलं, आणि डोळ्यांचा तक्ता केला. आईच्या बाजूचे बरेच रकाने रिकामे राहिले. तिनं ते तसेच ठेवले.

तिच्या पाठीवरच्या भावाचे डोळे काळे आहेत. तो झाला तेव्हा त्याच वयस्कर बाई बघायला आल्या आणि समाधानानं म्हणाल्या, "हा पोट्टा आपल्यावर गेला." इतकी वर्षं गप्प राहिलेली भावजय दुपट्याची घडी घालता घालता म्हणाली, "थे पोट्टी बी आपल्यावरच गेली, आत्याबाई. दोघाईले अर्धं मी देल्लं, अर्धं यायनं देल्लं."