आधी टेकू, मग ताकद

मुंबईत 30 वर्षं ओलांडलेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. त्यामुळे पोपडे सुटलेल्या बीमखाली उभं राहणं हे माझं नेहमीचं काम. हातोडी मारली की चांगलं काँक्रीट खणखणतं, सुटलेलं बदबद वाजतं. ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन फवारतो. गुलाबी रंग आला तर काँक्रीटची अल्कता शाबूत. नाही आला, तर हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरलेला. अल्कतेचं हे कवच गेलं, की सळई गंजते आणि गंज फुगून वरचं काँक्रीट फोडतो.

मग सोसायटीचा ठरलेला प्रश्न येतो, ‘किती सळया वाढवायच्या?’ मला आधी हवं असतं ते वेगळंच: हा बीम या क्षणी किती भार सोसतोय?

साधं मॉडेल मांडलं, की जुनं काँक्रीट, जुनी सळई आणि तळाला चिकटवलेली कार्बन फायबरची पट्टी एकाच वेळी कामाला लागतात. प्रत्यक्षात स्लॅबचं, भिंतींचं, फरशीचं ओझं जुनी सळई कधीपासून वाहते आहे. पट्टी मात्र कोरी. चिकटवल्यानंतर जो भार वाढेल, त्यातलाच वाटा ती उचलणार. म्हणून मी हिशेब दोन टप्प्यांत मांडतो: आधी तडकलेल्या बीममधला सध्याचा ताण, मग पट्टीसह पुढचा भार.

साइटवरही तोच क्रम: आधी टेकू लावून बीमवरचा भार हलका करायचा, मग पट्टी चिकटवायची. टेकू खालच्या मजल्यांवरही एकाखाली एक हवेत, नाहीतर खालचा स्लॅब धोक्यात येतो. मुकादम जॅक पिळत असताना माझी नजर डायल गेजवर असते. काट्याचं एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. ठरवलेला आकडा आला की हात थांबवायचा. एपॉक्सी पक्कं झाल्यावरच टेकू सोडायचे. तेव्हा कुठे पट्टी भाराला भिडते.

पण खरी जबाबदारी वेगळीच आहे. सळई तुटण्याआधी बरीच लांबते. बीम वाकतो, तडे रुंदावतात, माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. कार्बन फायबर तशी सूचना देत नाही. एकदम तुटतं, किंवा त्याआधीच काँक्रीटचा थर घेऊन उखडतं. आगीत तर एपॉक्सी लवकर मऊ पडतं. म्हणून पट्टी निखळली तरी जुन्या बीमने रोजचा भार पेललाच पाहिजे, हे गणित मी सर्वांत आधी सोडवतो. ते सुटलं नाही, तर पट्टीचा विचार सोडून नव्या सळया आणि रिंगा बांधून जॅकेटिंग करायला सांगतो. खर्च वाढतो, खोलीची उंची कमी होते, रहिवासी नाराज होतात. तरीही या मुद्द्यावर मी मागे हटत नाही.