दर्याची पट्टी

आमच्याकडे आंबा मुंबईला गेला की मागून पट्टी येते. पट्टी म्हणजे हिशोबाचा कागद. किती पेट्या पोचल्या, काय दराने गेल्या, गाडीभाडे किती, हमाली किती, आणि सगळे वजा जाता बागायतदाराच्या हाताला काय लागले. कलम आपले, फवारणी आपली, माकडांची राखण आपली. पण दर लिहिणारा आधी क्रॉफर्ड मार्केटात बसायचा, आता वाशीत बसतो. चाळीस वर्षे मी अशा पट्ट्या वाचत आलो. म्हणून माझा पुतण्या जेव्हा म्हणाला, "काका, तुमचो आंबो आणि माझो स्कूबा, दोगांची पट्टी दुसरोच लिवता," तेव्हा त्याचा धंदा मला एका वाक्यात कळला.

पुतण्याचे तारकर्लीच्या रस्त्याला स्कूबाचे दुकान आहे. दुकान म्हणजे काय, तर माडाखाली झापांची खोपी, एक रंगवलेला बोर्ड, दोरीवर वाळत घातलेले रबरी सूट, चौदा सिलेंडर आणि हवा भरायचा कंप्रेसर. होडी भागीदाराची. तो गाबीत समाजातला, त्याचा बापूस रापणीला जायचा. पुतण्या मुंबईची नोकरी सोडून आला, पर्यटन महामंडळाच्या इथल्याच संस्थेत बुडी मारायला शिकला आणि दोघांनी कर्ज काढून हे उभे केले.

आमचा सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्याच्या दहा वर्षे आधी, 1987 साली, किल्ल्याभोवतालचा समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर झाला होता. मासेमारी बंद होईल म्हणून तेव्हा कोळीबांधव चिडले होते, ती चीड अजून पुरती गेलेली नाही. पण किल्ल्याजवळ खडकांवर प्रवाळ आहे, रंगीत मासे आहेत, आणि ते बघायला माणसे पैसे देतात, हे गेल्या पंधरा-वीस वर्षांत आमच्या पोरांना उमगले. ज्या पोरांना शहरात शिपायाची नोकरी मिळाली असती ती पाण्याखाली लोकांचा हात धरून फिरवू लागली. मला त्याचे कौतुक वाटते. गावात राहून, गावचेच काही दाखवून पोट भरणे सोपे नाही.

मी स्वतः एकदा खाली गेलो आहे. पोहता येते म्हणून भीती नव्हती. पण पाण्यात श्वास तोंडाने घ्यायचा हे मनाला पटवायलाच पाच मिनिटे गेली. थोडे खाली गेलो तशी कानात कळ आली. पुतण्याने नाक दाबून हलकेच फुंकायची खूण केली, तेव्हा कान मोकळे झाले. दहा मीटर खाली गेले की अंगावरचा दाब दुप्पट होतो, असे त्याने आधी सांगितले होते. खाली पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे माझ्या हाताजवळून गेले. पण मला जास्त लक्षात राहिली ती पुतण्याची नजर. तो माशांकडे बघतच नव्हता. सारखा माझ्या डोळ्यांकडे, माझ्या बुडबुड्यांकडे आणि काट्याकडे बघत होता. लावणीच्या वेळी बांध फुटतो की काय म्हणून आपण बघतो तसा.

आता खर्चाचे सांगतो. कंप्रेसर म्हणजे गाडीच्या चाकात हवा भरायचा नव्हे. माणसाने ओढायची हवा ती. हवा ओढणारा पाईप यंत्राच्या धुराकडे गेला तर तो धूर थेट सिलेंडरमध्ये आणि तिथून छातीत. म्हणून पाईप वाऱ्याच्या उलट बाजूला उंच बांधायचा, फिल्टर ठरल्या तासांना बदलायचा, तेल खास त्याचेच घालायचे. सिलेंडर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबावर तपासून घ्यायचे. खारे पाणी रबर खाते, पितळ खाते, इंजिन खाते. त्यावर मेरीटाईम बोर्डाचा परवाना, होडीची तपासणी, विमा, पोरांचा पगार.

आणि कमाईचे दिवस किती? मे संपत आला की पाण्यातले खेळ बंद होतात ते ऑगस्ट अखेरपर्यंत. उरलेल्या महिन्यांत दिवाळी, नाताळ, मे आणि शनिवार-रविवार. त्यातही उधाणाच्या दिवसांत पाणी ढवळते, खाली हातभर दिसत नाही. भांगाच्या दिवसांत पाणी निवळ असते, तर नेमका सुट्टीचा वार नसतो. बँकेचा हप्ता मात्र भरती-ओहोटी बघत नाही. पावसाळ्यात पुतण्या माझ्याकडे लावणीला येतो. चार महिने स्कूबाला माझी शेती पोसते, असे मी त्याला चिडवतो. तो हसतो, कारण ते खरे आहे.

2020 च्या मार्चमध्ये सगळे बंद झाले. पुढच्या वर्षी 16 मेला तौक्ते वादळ आले. खोपी उडाली, माड पडले, कित्येक दिवस वीज नव्हती. त्यातून उठतोय तर 2022 च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची होडी उलटली आणि दोन माणसे गेली. ती होडी आमची नव्हती, पण त्या रात्री आमच्या घरात कोणी जेवले नाही. पुतण्या आणि भागीदार ओट्यावर गप्प बसून होते. दर्या सगळ्यांचा एकच असतो.

एवढे सगळे होऊनही दुकान चालले असते. खरे दुखणे दराचे आहे. गाडी गावात शिरायच्या आधीच एजंट गिऱ्हाईक धरतो. स्कूबा, केळ्याची होडी, पॅरासेलिंग, सगळे मिळून एक पॅकेज. पुतण्याला एका माणसामागे सहाशे मिळाले, तर त्याच माणसाने एजंटला बाराशे दिलेले असतात. नाही म्हटले तर शेजारचा पाचशेत न्यायला तयार. गिऱ्हाईकही घासाघीस करते. भाजीत करावी, माझी हरकत नाही. पण इथे दर उतरला की काय उतरते ते गिऱ्हाईकाला दिसत नाही. पाण्यातली मिनिटे उतरतात. एका पोराच्या हाताला एकाऐवजी दोन माणसे येतात. फिल्टर आणखी एक महिना चालवला जातो. मोकळा नांगर प्रवाळावरच टाकला जातो, कारण बांधलेल्या जागेवर जायला डिझेल लागते.

एकदा माझ्यासमोर पुतण्याने एका गृहस्थाला परत पाठवले. त्यांना दमा होता, फॉर्मवर तसे लिहिलेही होते. सोबतची चार माणसेही उठून गेली. अर्ध्या तासाने पाचही जण दुसऱ्याच्या होडीत दिसले. मी म्हटले, "रे, पाचांचे पैसे गेले." तो म्हणाला, "काका, खाली गेल्यार माणूस माझो हात धरता. तेव्हा तो गिऱ्हाईक नसता, कोणाचो तरी बापूस असता." यावर मी काय बोलणार?

गेल्या वर्षी बाहेरचा एक पैसेवाला आला. दुकान, बोर्ड, परवाने सगळे घेतो, पोरांना पगारावर ठेवतो, वर रस्त्याकडेची माडाची पट्टीही द्या म्हणाला. ती जमीन आम्हा दोघा भावांची. भाऊ आता नाही. वहिनी म्हणाली, "झील नोकरी सोडून इलो. आता त्येका आपल्याच माडाखाली दुसऱ्याचो गडी होऊक सांगू?" पण हप्ते थकले होते हेही तिला माहीत होते. तीन दिवस घरात हाच विषय.

तोड निघाली ती भागीदाराच्या म्हाताऱ्या बापसाकडून. तो म्हणाला, रापण काय एकट्याने ओढली जाते? रापणीत जाळे, होडी, ओढणारे हात, प्रत्येकाचा वाटा ठरलेला असतो. दोर धरायला आलेल्या पोरालाही चार मासळ्या मिळतात. तुम्ही पाच दुकानवाले पाच कंप्रेसर कशाला पोसता?

पाचही पोरे आमच्या खळ्यात बसली. तासाभरात दोनदा भांडण झाले. शेवटी ठरले: कंप्रेसर दोनच ठेवायचे, बाकी विकून कर्ज कमी करायचे. माझा रिकामा गोठा साफ करून त्यात एक बसवला, भाडे नाही. गिऱ्हाईक पाळीने घ्यायचे. पाचांचा दर एक. आणि एकाने दम्याला, हृदयविकाराला, गरोदर बाईला नाही म्हटले की बाकी चौघांनीही नाही म्हणायचे. आमच्या पट्टीचा सौदा वहिनीने हात जोडून परत पाठवला.

सगळे सुरळीत झाले असे सांगणार नाही. एजंटांनी दिवाळीत एकही गाडी पाठवली नाही. पाचातला एक पोरगा तेवढ्यात गोव्याला पगारावर गेला. मग गावातल्या न्याहारी-निवासवाल्या बायका पुढे झाल्या. जेवायला आलेल्या पाहुण्यांना त्या या पोरांकडे पाठवू लागल्या. यंदा मे अखेर हप्ते भरून, पोरांचे पगार देऊन थोडे उरले. त्यातून नवे फिल्टर आले आणि दोन रेग्युलेटर दुरुस्त झाले. फायदा म्हणावा असे काही नाही. बोर्ड आपल्या नावाचा राहिला, एवढेच.

वाचणाऱ्यांपैकी कोणी मालवणला येणार असेल तर शेतकऱ्याचे एक ऐका. दर विचाराच, पण त्याआधी दोन गोष्टी विचारा. हवेचा फिल्टर कधी बदललात? आणि पाण्यात माझ्या एकट्याचा हात कोण धरणार? जो न चिडता नीट उत्तर देईल, त्याच्या होडीत बसा. ते दुकान माझ्या पुतण्याचेच असले पाहिजे असे काही नाही.