फोन कोणी ठेवला?

भांडायला दोन माणसं लागतात असं म्हणतात. माझा अनुभव थोडा निराळा आहे. आमच्या घरात मागच्या पावसाळ्यात जे भांडण झालं, ते दोन माणसांच्या मधे बसलेल्या एका डबीनं लावलं. डबी तळहाताएवढी, काळी, कपाळावर एक दिवा. तिला राउटर म्हणतात. आत मोबाइलचं कार्ड घालायचं. मग ती दूरच्या मनोऱ्याकडून इंटरनेट घेते आणि घरातल्या फोनला बिनतारी वाटून देते. खिशात घालून कुठंही न्या, असं दुकानदारानं सांगितलं. आम्ही ती नेली अकोले तालुक्यात.

अकोले म्हणजे नगर जिल्ह्याचं, 2024 पासून ज्याला अहिल्यानगर म्हणायचं त्या जिल्ह्याचं, पश्चिमेकडचं टोक. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, 1646 मीटरचं कळसूबाई, याच तालुक्यात. आमचं जुनं घर राजूरच्या पुढे, भंडारदऱ्याच्या वाटेवर आहे. दोन दोन फूट जाडीच्या दगडी भिंती, वर कौलं, मागे डोंगर. पावसाळ्यात हा डोंगर चार महिने ढगांत असतो आणि आम्ही चार महिने काळजीत असतो. कारण वडील गेल्यापासून आई तिथं एकटी राहते. वय 78. "पुण्याला चल" म्हटलं की ती विचारते, "अन् गाईचं काय?" गाय विकून सहा वर्षं झाली आहेत.

तेव्हा डबी आणली. दर रविवारी सकाळी दहाला आईनं आम्हाला बघावं, आम्ही आईला बघावं, नातवंडांनी आजीला दात दाखवावेत, असा बेत. पहिले दोन रविवार सण असल्यासारखे गेले. तिसऱ्या रविवारी मी पुण्याला येण्याचा विषय काढला आणि फोन तुटला. चौथ्या रविवारी पुन्हा तोच विषय, पुन्हा फोन तुटला. पाचव्या रविवारी मी चौथ्या वाक्यापर्यंत पोचलो होतो, एवढीच काय ती प्रगती.

"आई फोन ठेवते," मी हिला म्हणालो. "तिला ऐकायचंच नाही."

ही म्हणाली, "असं त्या कधी करायच्या नाहीत." पण हिच्या आवाजात जरा आशा होती, असं मला वाटलं. सासूनं नवऱ्याचं तोंड बंद केल्याचा आनंद कुठल्या सुनेला होत नाही?

पुढे कळलं की तिकडे आई शेजारच्या वहिनींना सांगत होती, "माझ्याशी बोलायला त्याला वेळ नाही. दोन मिनिटं झाली की ठेवतो." वहिनी म्हणाल्या, "अहो काकू, रेंज जात असेल." त्यावर आईचा जबाब बिनतोड होता, "मग बातम्या कशा तासभर दिसतात? कीर्तन कसं दिसतं? फक्त त्याच्याशीच बोलताना बरी रेंज जाते!"

वाचकहो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कंपनीच्या मदत केंद्राकडेही नव्हतं. तिथल्या मुलीनं अत्यंत गोड आवाजात डबी बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. मी कार्ड बदललं, कंपनी बदलली, आईचा फोनही बदलला. सगळं एकदम बदलल्यामुळे कशानं काय झालं ते कळेना. झालं एवढंच, की पुढच्या रविवारी नव्या फोनवर नव्या कंपनीचं संभाषण तुटलं. आणि मग दोन रविवार मी फोनच केला नाही. तिनंही केला नाही. ते दोन रविवार मला अजून आठवतात. दहा वाजता घरात सगळे उगीचच काहीतरी करत असत, आणि कोणी कोणाकडे बघत नसे.

माझा भाचा या विषयातला. त्याला सांगितलं तर तो हसला. "मामा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय होतं ते लिहून ठेवा. आणि फोनवरून नाही जमणार, तुम्ही जाऊन या."

गेलो. वाटेत नारायणगाव लागतं. तिथून जवळ खोडदला ती प्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, आकाशाला कान लावून बसलेल्या. कोट्यवधी मैलांवरून आलेली अतिशय क्षीण कुजबुज त्या ऐकतात. गाडी चालवताना मनात आलं, तिथल्या शास्त्रज्ञांना एखादी नोंद वेडीवाकडी मिळाली तर ते ताऱ्यावर रुसत नसतील. आधी आपली तार तपासत असतील.

घरी पोचलो तर डबी देवघराशेजारच्या लोखंडी कपाटावर, आईनं स्वतः विणलेल्या लोकरी टोपड्यात. "धूळ बसते रे," आई म्हणाली. पूर्वी रेडिओला असं झाकण असे, मग टीव्हीला आलं. डबीनंच काय पाप केलं होतं? हात लावला तर डबीला ताप. टोपडं काढलं. डबी निवली, पण अर्ध्या तासानं बोलणं तुटायचं ते तुटलंच.

मग जागा बदलली. या डबीला संदेश किती जोराचा मिळतो, ते तिच्या पानावर आकड्यात दिसतं. आकडा उणे असतो. उणे 80 म्हणजे उत्तम, उणे 110 च्या पुढे गेलं की हलाखी. गंमत अशी, की दहाचा फरक म्हणजे जोर दहापट. कपाटावर आकडा होता उणे 113. माडीवरच्या पूर्वेच्या खिडकीत ठेवली तर उणे 103. नुसती जागा बदलून दहापट! दोन फुटी भिंतीनं आणि लोखंडी कपाटानं काय खाल्लं होतं ते तेव्हा कळलं. मी विजयी मुद्रेनं खाली आलो, हिला व्हिडिओ कॉल लावला आणि आईला समोर बसवलं. सहाव्या मिनिटाला तुटला.

मी कपाळाला हात लावला. तेव्हा आई आत गेली आणि दुधाच्या हिशेबाची वही घेऊन आली. गाय गेली तरी वही होती. तिच्यात मागच्या सगळ्या रविवारांच्या नोंदी होत्या. फोन किती वाजता लागला, किती वाजता तुटला. मी तिला ठेवायला सांगितलं नव्हतं. मुलगा आपल्याशी किती मिनिटं बोलतो, याचा हिशेब ती आपणहून ठेवत होती. वही हातात घेऊन मी बराच वेळ काही बोललो नाही.

प्रत्येक नोंदीपुढे एक शेरा होता : "दिवा विझला."

"विझला की लाल झाला?" मी विचारलं.

"लाल कशाला होईल? लाल होतो पाऊस फार असला की. तू बोलायला लागलास की विझतो. मग घटकाभरानं परत लागतो."

भाच्याला फोन करायला पारापर्यंत जावं लागलं. ऐकताच तो ओरडला, "मामा, आजीनं रोग ओळखला! लाल म्हणजे रेंज गेली. विझला म्हणजे वीजच कमी पडली."

मग त्यानं उलगडून सांगितलं ते असं. बातम्या बघताना डबी बहुतांशी नुसती ऐकते. आपण चेहरा दाखवून बोलू लागलो की तिलाही सारखं बोलावं लागतं. मनोरा लांब असला, भिंत जाड असली, तर मोठ्यानं ओरडावं लागतं. ओरडायला ताकद लागते, म्हणजे वीज जास्त लागते. आमच्या डबीला वीज मिळत होती ती बाजारातून आणलेल्या हलक्या चार्जरमधून, तीन मीटर लांबीच्या बारीक वायरीतून. कारण बटण लांब होतं. बारीक लांब वायरीत पाच व्होल्टमधले थोडे वाटेतच गळतात. अशा वेळी आतल्या बॅटरीनं सावरून घ्यायचं असतं. पण दोन वर्षं अष्टौप्रहर चार्जरला जोडलेली आणि लोकरी टोपड्यात शिजलेली ती बॅटरी म्हातारी झाली होती. उघडून बघितली तर पोटात फुगलेली. अशी बॅटरी दाबू नये, टोचू नये, लगेच काढून टाकावी. तशी काढली.

संगमनेरला जाऊन नवी बॅटरी, दोन अँपिअरचा चांगला चार्जर आणि हातभर लांबीची जाड वायर आणली. सगळा खर्च नव्या फोनच्या दहाव्या हिश्श्यानंही झाला नाही. संध्याकाळी आई आणि नातवंडं पाऊण तास बोलली. दिवा ढळला नाही. आई मधूनमधून संभाषण सोडून दिव्याकडेच बघत होती.

रात्री ती म्हणाली, "म्हणजे तू ठेवत नव्हतास?"

मी म्हणालो, "म्हणजे तू ठेवत नव्हतीस?"

दोघंही हसलो. पण खरं सांगायचं तर मला त्या हसण्यात थोडी लाज होती. तार अजिबात नसती तर आम्ही एकमेकांना दोष दिला नसता. पूर्वी आठ आठ दिवस पत्र येत नसे, तेव्हा आपण पोस्टाला नाही तर पावसाला बोल लावत असू. आता माणूस समोर दिसतो आणि वाक्याच्या मध्यावर नाहीसा होतो. मग मधल्या डबीची आठवणच राहत नाही, माणसाचाच राग येतो. किती घरांत अशी बारीक वायर असेल कोण जाणे! मी एक नेम केला आहे. कोणी आपल्याशी बोलणं तोडलं असं वाटलं, की आधी दिवा लाल होता की विझला होता ते विचारायचं.

पुढच्या रविवारी दहाला फोन लावला. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मी धीर करून म्हणालो, "आई, दिवाळीनंतर तू पुण्यालाच..."

फोन तुटला.

मी घाबरून वहिनींच्या फोनवर लावला. "वहिनी, जरा दिवा बघता का?"

मागून आईचाच आवाज आला, "दिवा चांगला हिरवा आहे म्हणावं. या खेपेला मीच ठेवला!"

आणि खरं सांगतो, इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.