बादलीतले गप्पी

किलीफिश म्हटलं की आठवतात आफ्रिकेतले रंगीत नोथोब्रँकियस. डबकं आटलं की ते मरतात, अंडी तेवढी सुक्या चिखलात पावसाची वाट बघत राहतात. आमच्या वाळपईकडच्या व्हाळांत मात्र आपला घरचा किलीफिश आहे, ॲप्लोकाइलस लिनिएटस. 1846 साली व्हॅलेन्सिएनने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. फार तर 10 सेंटीमीटर लांब, तोंड वर वळलेलं, अंगावर सोनेरी ठिपक्यांच्या रांगा. पाण्याच्या वरच्या थरात दबा धरून राहतो आणि डासांच्या अळ्या मटकावतो.

माझ्या टाकीत असे चार आहेत. विहिरीचं पाणी, जावा मॉस, वर घट्ट झाकण. झाकण हवंच, उडी मारण्यात यांचा हात कोण धरणार! अंडी मॉसला चिकटतात, साधारण दोन आठवड्यांनी पिल्लं. मोठे त्यांनाही सोडत नाहीत, म्हणून मॉस वेगळ्या भांड्यात काढते.

भांडण आहे ते धाकट्या भावाशी. त्याचे गप्पी भारी वाढलेत. "व्हाळात सोडूया, डास कमी होतील," म्हणतो. गप्पी दक्षिण अमेरिकेकडचा, जिवंत पिल्लं देतो, जाईल तिथे रुजतो. व्हाळात अळ्या खाणारे आधीच आहेत, त्यांच्या ताटात वाटेकरी कशाला? पप्पा म्हणतात, एवढ्याशा माशांवरून काय ते!

भाऊ दोन दिवस बोलत नाहीये. बादली बाल्कांवातच आहे. सोमवारी मला हॉस्टेलवर परतायचंय.