काहिलीची रिबिटे

परभणीहून पूर्णेकडे जाताना पिंगळीचे रेल्वे स्थानक लागते. आमच्यापैकी एकीचे माहेर आणि एकाची सासुरवाडी असलेल्या या गावी आम्ही उतरतो, तेव्हा वाड्याच्या आधी नजर जाते ती गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या काहिलीकडे. गुऱ्हाळ बंद झाले, ऊस कारखान्याला जाऊ लागला, चुलाण बुजले. काहील तेवढी राहिली. ती राहण्याचे कारण गूळ नव्हे. एका पावसाळ्यात गावाजवळचा ओढा फुगला असताना आजोबांनी अडलेल्या बाळंतिणीला याच काहिलीत बसवून पलीकडे नेले होते.

उसाचा रस आटवण्याचे हे भांडे पुराच्या दिवसांत नाव म्हणून वापरण्याची रीत महाराष्ट्रातील अनेक नदीकाठांना ठाऊक आहे. ज्या गावाला पूल नाही आणि नावही नाही, तिथे काहील असे. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. प्रतिमा म्हणजे काय, हे सांगताना गेली कित्येक वर्षे आम्ही वर्गात ही काहील उभी करत आलो. अग्नीवर बसणारी वस्तू पाण्यावर बसते, गोडव्याचे भांडे प्राणरक्षक होते, असे काहीबाही आम्ही बोलत असू. मुले वहीत उतरवून घेत. सांगून सांगून ती गोष्ट आमच्या तोंडी गुळगुळीत झाली होती.

सप्टेंबर २०२४च्या पहिल्या दिवसांत परभणी-हिंगोलीत अतिवृष्टी झाली. ओढा पुन्हा फुगला. पलीकडच्या आखाड्यावर शेजारच्या एक वृद्ध काकू अडकल्या होत्या. दादांनी, म्हणजे घरच्या थोरल्या भावाने, काहील काढली. ती गोष्ट त्यांनीही लहानपणापासून ऐकली होती. जाताना काहील नीट गेली. येताना दोघांचे वजन पडले आणि मधोमध पत्र्याच्या सांध्यातून पाणी वर येऊ लागले. सुदैवाने तिथे पाणी छातीइतकेच होते. दादांनी खाली उतरून, काहील ढकलत काकूंना काठाला लावले. त्या वाचल्या. दादांनी फोनवर एवढेच विचारले, "तुम्ही पोरांना काहिलीची गोष्ट सांगता, तिची रिबिटं कधी पाहिली होती का रे?"

आम्ही पाहिली नव्हती. दिवाळीच्या सुटीत गेलो, तेव्हा ती प्रथमच पाहिली. काहील एकसंध नसते. लोखंडी पत्रे कडेवर कड ठेवून रिबिटांनी जोडलेले असतात. तळाजवळच्या सांध्यातली काही रिबिटे माथे उडून नुसती भोकात अडकली होती, काही बोटाने हलत होती. गंजाने भोके लांबट झाली होती. बाहेरून मात्र काजळीचा थर इतका जाड की सारे धडधाकट वाटावे.

घिसाडी समाजातले एक वृद्ध कारागीर दादांनी बोलावून आणले. त्यांनी आधी हातोडीने एकेक रिबीट वाजवले. घट्ट रिबिटाचा आवाज खणखणीत येतो, सैल झालेल्याचा बद्द. मग छिन्नीने माथे उडवून पोगराने दांडे बाहेर काढले. भोके साफ करून गोल केली, म्हणून नवी रिबिटे किंचित जाड घ्यावी लागली. भात्यावर लाल केलेले रिबीट आतून घालायचे, त्याच्या माथ्याशी एकाने जड घण टेकवून धरायचा आणि दुसऱ्याने बाहेरचे टोक ठोकून पसरवायचे. घण धरण्याचे काम आमच्या वाट्याला आले. प्रत्येक ठोक्याने खांद्यापर्यंत झिणझिण्या येत. रिबीट निवताना आखडते आणि दोन्ही पत्रे एकमेकांवर आवळून धरते, ही त्यातली मेख. शेवटी बाबांनी पत्र्याची कड बोथट छिन्नीने ठोकून खालच्या पत्र्यावर दाबून बसवली, म्हणजे फटही मिटली. १८८९मध्ये उभ्या राहिलेल्या आयफेल टॉवरची सुमारे २५ लाख रिबिटे याच तत्त्वावर बसलेली आहेत.

अमेरिका-कॅनडात मासेमारीसाठी ॲल्युमिनियमच्या छोट्या बोटी वापरतात. त्यांचेही दुखणे हेच. लाटांच्या माराने रिबिटे सैल होतात, भोके रुंदावतात. सैल झालेले पुन्हा ठोकून बसवतात, तुटलेले काढून थोडे जाड घालतात. फरक असा की तिथे रिबीट थंडच ठोकतात, ते फुगून भोक भरून टाकते. आणि ते ॲल्युमिनियमचेच लागते. मजबुतीच्या मोहाने पोलादी घातले, तर पाण्याच्या संगतीत भोवतालचे ॲल्युमिनियम झिजू लागते. जोडणाऱ्याने जोडल्या जाणाऱ्याच्या जातकुळीचे असावे लागते, हे वाक्य आम्हाला लगेच सुचले आणि वर्गात वापरावेसेही वाटले. पण तोवर आम्ही थोडे शहाणे झालो होतो.

काम संपल्यावर आम्ही उत्साहाने विचारले, "बाबा, आता पुराला चालेल ना?"

त्यांनी घाम पुसला. "सर, रसाला चालंल. माणसाला नाई. रिबिटं नवी हायेत, पत्रा जुनाच हाय."

आमचा चेहरा उतरला असावा. दुरुस्तीने गोष्ट पूर्ववत होईल, अशी आमची समजूत होती. आजोबांच्या काळी काहील हंगामागून हंगाम चुलाणावर चढत होती. रस गळला तर नुकसान डोळ्यांसमोर दिसे, म्हणून दरवर्षी तिची रिबिटे पाहिली जात. त्या बाळंतिणीला तारले ते आजोबांच्या धाडसाने, हे खरेच. पण त्याआधी कुणीतरी सांधे तपासले होते. आमच्या गोष्टीत त्या माणसाला जागा नव्हती.

रात्री अंगणात काहील विटांवर ठेवून पाण्याने भरली. पहाटे खाली वाकून पाहिले. नवे सांधे कोरडे होते. तळाच्या जुन्या पत्र्यातून मात्र एका जागी थेंब धरत होता आणि त्याखाली माती ओली झाली होती. दादांनी त्या जागी खडूने गोल खूण केली. ग्रामपंचायतीकडे बोटीसाठी अर्ज करायचा ठरले. मसुदा लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. मराठीच्या प्राध्यापकांकडून एवढे तरी व्हावे.

काहिलीची गोष्ट आम्ही अजूनही वर्गात सांगतो. आता ती थोडी लांबली आहे.