पुसान ते बुसान

रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील आमच्या मुस्लिम वस्त्यांत जहाजावर काम करणारी माणसे खूप. त्यामुळे न पाहिलेल्या बंदरांची नावे लहानपणीच कानावर पडत. आमचे मामू त्यांतल्या एकाला ‘पुसान’ म्हणत. 2000 साली कोरियाने रोमन लिपीतील लेखनाचे नियम बदलले आणि पुसानचे ‘बुसान’ झाले. मामूंनी पाहिले ते धक्के, क्रेन आणि मालाच्या पेट्या. मला मात्र गेल्या वर्षी तिथे चार दिवस निव्वळ भटकायला मिळाले.

सोलनंतर दक्षिण कोरियातील हे सर्वांत मोठे शहर. सोलहून वेगवान रेल्वे तीन तासांच्या आत पोहोचवते. बहुतेक पर्यटक हेउंदेच्या वाळूत फिरतात, रात्री ग्वांगान पुलाची रोषणाई पाहतात आणि परततात. मीही ते पाहिले, आवडलेही. पण शहराची ओळख झाली ती डोंगरावरच्या वस्त्यांत आणि बाजारात.

त्यासाठी थोडा इतिहास हवा. जून 1950 मध्ये कोरियन युद्ध सुरू झाले. ऑगस्टपर्यंत उत्तर कोरियाच्या फौजांनी जवळजवळ सारा देश व्यापला. उरला तो बुसानभोवतीचा आग्नेय कोपरा. हे शहर दक्षिण कोरियाची तात्पुरती राजधानी झाले आणि लाखो निर्वासित इथे आले. सपाट जागा कमी, म्हणून लोक डोंगर चढले. पत्रे, फळ्या, मिळेल त्यातून खोपटी उभी राहिली.

आज ज्याचे फोटो जगभर फिरतात ते गामचन गाव अशाच उतारावर आहे. निळी, गुलाबी, पिवळी घरे पायऱ्यांसारखी रचलेली. पुढचे घर मागच्याची समुद्राकडची नजर अडवत नाही. 2009 मध्ये कलाकार आणि रहिवाशांनी मिळून ही वस्ती रंगवली, भित्तिचित्रे काढली. पण लोक अजून तिथे राहतात. ‘हळू बोला’ अशा पाट्या आहेत. कुणाच्या दारात उभे राहून फोटो काढताना ते लक्षात ठेवावे लागते.

शेजारीच आमीदोंग. जपानी राजवटीत तिथे जपान्यांचे कबरस्तान होते. जपानी गेले, निर्वासित आले आणि कबरींच्या जागेवर घरे बांधली. थडग्यांचे दगड पायात, भिंतीत, पायऱ्यांत गेले. काही आजही दिसतात. कबरीवर पाय पडू नये असे शिकवलेल्या माझ्यासारख्याला तिथे चालताना अवघडल्यासारखे होते. पण हिवाळ्यात लेकरे घेऊन उघड्यावर बसलेल्या आईपुढे दुसरा पर्याय काय होता? मी मनातल्या मनात दोघांसाठीही दुआ केली, खाली झोपलेल्यांसाठी आणि वर जगलेल्यांसाठी.

खाली योंगदो पूल आहे. 1934 सालचा, जहाजे जावीत म्हणून उचलला जाणारा. पळताना ताटातूट झाली तर ‘योंगदो पुलाशी भेटू’ असे अनेक कुटुंबांनी ठरवले होते. कारण बुसानमधले तेवढेच ठिकाण सगळ्यांना ऐकून माहीत होते. कित्येकांनी तिथे महिनोन्‌महिने वाट पाहिली. दुरुस्तीनंतर 2013 पासून पूल पुन्हा उचलला जाऊ लागला आणि पर्यटक तो पाहायला थांबतात.

जेवणाचा प्रश्न आपल्याकडचे लोक आधी विचारतात. शहराची खासियत म्हणजे डुकराच्या हाडांचे सूप-भात. ते आपल्याला चालत नाही. मिलम्यन नावाच्या थंड शेवयाही मांसाच्या रश्शात असतात. त्यांची कथा मात्र ऐकण्यासारखी आहे. उत्तरेकडच्या लोकांना हव्या होत्या कुट्टूच्या पिठाच्या शेवया; हाती होते मदतीत आलेले अमेरिकी गव्हाचे पीठ. त्यातून हा पदार्थ झाला. आपली सोय जगालचीच्या मासळी बाजारात होते. विक्रीला बसतात त्या बायकाच. त्यांचा आवाज, भाव सांगण्याचा ठसका पाहून कोकणी माणसाला परकेपणा वाटत नाही. भाजलेला मासा आणि भात खाल्ला, आणि जवळच्या गल्लीत बिया भरलेली गरम, गोड होत्तक घेतली.

संयुक्त राष्ट्रांचे युद्ध कबरस्तान पाहायला फारसे प्रवासी जात नाहीत. तिथे सुमारे 2300 सैनिक दफन आहेत. त्यांत 462 तुर्की. ब्रिटिश, कॅनडियन, ऑस्ट्रेलियन यांच्याजवळ अली, हसन, मेहमेत. भारताने लढाऊ फौज पाठवली नव्हती. डॉक्टर आणि शुश्रूषक पाठवले. युद्धानंतर छोटा कोरियन मुस्लिम समाज उभा राहण्यात तुर्की सैनिकांबरोबर आलेल्या इमामांचाही वाटा होता.

जुम्याला मेट्रोच्या 1 क्रमांकाच्या मार्गाने दुसिल स्थानकावर उतरलो. 1980 मध्ये सुरू झालेली अल-फतह मशीद तिथून जवळ आहे. जगालची आणि गामचनलाही याच मार्गाने जाता येते. नमाजनंतर मासेमारी बोटीवर काम करणारा एक इंडोनेशियन तरुण भेटला. तीन वर्षांत त्याने गामचन पाहिले नव्हते. सुट्टी मिळाली की झोपतो, म्हणाला. मला मामू आठवले. एकच शहर एकाला सहल असते, दुसऱ्याला पाळी.

याच देशात 2018 मध्ये जेजू बेटावर सुमारे 500 येमेनी निर्वासित आले. त्यांच्याविरुद्धच्या अर्जावर सात लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. निर्वासित म्हणून मान्यता मिळाली ती फक्त दोघांना. बहुतेकांना तात्पुरते राहू दिले. ज्यांच्या आजी-आजोबांनी थडग्यांच्या दगडांवर चूल मांडली, त्यांना हे परके का वाटावे? हा प्रश्न मी कोरियन माणसाला एकट्याला विचारत नाही. मुंबईत भाड्याचे घर शोधताना नाव ऐकून दार बंद झालेले आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. आपणही आपल्या मोहल्ल्यात बिहार-बंगालहून आलेल्या मजुराला कसे वागवतो, तेही ठाऊक आहे.

स्थलांतरितांची वस्ती रंगवून तिचे पर्यटनस्थळ करता येते, आणि ते वाईट नाही. त्यातून रहिवाशांना चार पैसे मिळतात. पण रंगांखालची गोष्ट जिवंत ठेवायची असेल तर ती नव्याने दारात आलेल्याकडे पाहतानाही आठवली पाहिजे. बुसानला जरूर जा. हेउंदेला एक दिवस द्या, आणि एक दिवस आमीदोंगच्या पायऱ्यांना.